खुनाचा प्रयत्न

दुसऱ्या व्यक्तीचा प्राण घेण्याच्या हेतूने, किंवा आपल्या कृत्याने तिचा मृत्यू ओढवेल याची जाणीव असताना केलेले, परंतु मृत्यूत परिणत न झालेले कृत्य म्हणजे खुनाचा प्रयत्न होय. खून आणि खुनाचा प्रयत्न यांत कर्त्याच्या मनापुरता काहीच भेद नसतो. भेद असतो तो परिणामाचा, आणि तो बहुधा कर्त्याच्या हाती नसलेल्या एखाद्या गोष्टीने घडवलेला असतो. नेम चुकतो, काडतूस सदोष निघते, कोणी दार उघडतो, नाहीतर सोबत्याचा धीर सुटतो. म्हणूनच या गुन्ह्याचा विचार करताना कायद्याला हेतूची परीक्षा खुनापेक्षाही बारकाईने करावी लागते. इतिहासलेखन मात्र या विषयाबाबत उदासीन राहिले आहे. फसलेला प्रयत्न बखरीत एका ओळीत येतो आणि सिद्धीस गेलेल्या हत्येची केवळ प्रस्तावना ठरतो. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासात मात्र अशी दोन प्रकरणे आहेत, की ज्यांत प्रयत्न फसल्यानंतरच्या काळात काय घडले, यावरच पुढील सर्व अनर्थ अवलंबून होता. त्यांतील पहिले १५८८ मधील व दुसरे १९४८ मधील आहे.

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ३०७ मध्ये या गुन्ह्याची स्वतंत्र तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत (२०२३) तीच तरतूद कलम १०९ मध्ये जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची व दंडाची असून, कृत्यामुळे कोणास दुखापत झाली असेल, तर ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. जन्मठेप भोगत असलेल्या कैद्याने असे कृत्य करून दुखापत केल्यास देहदंडही देता येतो. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तो सत्र न्यायालयापुढे चालतो. इतर बहुतेक गुन्ह्यांच्या प्रयत्नाला मूळ गुन्ह्याच्या कमाल कारावासाच्या निम्म्यापर्यंतच शिक्षा आहे. खुनाच्या प्रयत्नाला मात्र संहिताकारांनी त्या सर्वसाधारण नियमातून वेगळे काढले आणि त्याला एका स्वतंत्र, पूर्ण गुन्ह्याचे स्थान दिले.

तयारी कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो, हा या विषयातील जुना वाद आहे. संहितेने त्याचे उत्तर व्याख्येने न देता उदाहरणांनी दिले. एखाद्याने दुसऱ्यास मारण्यासाठी बंदूक विकत घेतली व ती ठासली, तरी या कलमाखालील गुन्हा झाला नाही; ती झाडली की गुन्हा झाला. विष आणून अन्नात कालवले आणि ते स्वतःजवळ ठेवले, तोवर गुन्हा नाही. ते अन्न त्या माणसाच्या ताटाशी ठेवले किंवा ठेवण्यासाठी त्याच्या नोकराच्या हाती दिले, की गुन्हा पूर्ण झाला. दोन्ही उदाहरणांचा आशय एकच आहे. जोपर्यंत माघार घेणे पूर्णपणे कर्त्याच्या हाती आहे, तोपर्यंत कायदा थांबतो. तथापि शेवटचे कृत्य घडलेच पाहिजे, असेही नाही. पत्नीला पद्धतशीरपणे उपाशी ठेवून मारू पाहणाऱ्या पतीच्या पंजाबातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे स्पष्ट केले. उपासमारीने होणाऱ्या मृत्यूत ‘शेवटचे कृत्य’ असे वेगळे काढताच येत नाही.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्या साधनाने मृत्यू येणेच शक्य नव्हते, त्या साधनाने केलेला प्रयत्न हा प्रयत्न मानावा काय? मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १८६७ मध्ये कॅसिडी नावाच्या आरोपीच्या खटल्यात आला. त्याने बंदुकीचा घोडा ओढला होता, पण बंदुकीवर टोपीच चढवलेली नव्हती. जे कृत्य स्वभावतः मृत्यूस कारण होऊ शकत नाही, त्याला कलम ३०७ लागू होत नाही, असे तेव्हा न्यायालयाने ठरवले. पुढे पासष्ट वर्षांनी त्याच न्यायालयापुढे एक वेगळा खटला आला. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून पिस्तूल झाडले. सोलापुरात १९३० साली लष्करी कायद्याच्या अंमलात झालेल्या दडपशाहीचा सूड घेण्याचा त्याचा हेतू होता. हॉटसन यांना इजा झाली नाही. काडतूस सदोष होते म्हणून म्हणा, की खिशातील चामडी पाकीट आड आले म्हणून म्हणा, गोळी अंगात शिरली नाही. बचावाचा युक्तिवाद असा, की ज्या कृत्याने मृत्यू आला नाही व येऊ शकत नव्हता, ते कलमात बसत नाही. मुख्य न्यायमूर्ती बोमाँट यांच्या न्यायपीठाने १९३२ मध्ये तो फेटाळला. कलमाचा असा शब्दशः अर्थ लावला, तर फसलेला एकही प्रयत्न शिक्षेस पात्र ठरणार नाही; कारण जो फसला तो, सर्व परिस्थिती जमेस धरता, फसणारच होता. मधे काही आडकाठी आली नसती, तर घटनांच्या सामान्य ओघात ते कृत्य खून ठरले असते काय, हीच खरी कसोटी होय. गोगटे यांची आठ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा कायम राहिली. देशभक्तीपर आठवणींत या प्रसंगाला मानाचे स्थान आहे. कायद्याचा विद्यार्थी मात्र गोगटे यांचे नाव आजही या एका कसोटीसाठी वाचतो. जीवघेणी जखम झालीच पाहिजे असे नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात पुन्हा सांगितले.

उलट बाजूने या कलमाचा सैल वापरही होतो. शेताच्या बांधावरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीत काठ्या-कुऱ्हाडी निघाल्या, की फिर्यादीत हे कलम घालण्याचा आग्रह धरला जातो. कारण त्यामुळे जामीन अवघड होतो. फिर्यादीत कलम लिहिले एवढ्यावरून न थांबता हत्यार कोणते, घाव कोठे व किती खोल, हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, ते याच अनुभवातून.

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्रात ‘प्रयत्न’ अशी स्वतंत्र कोटी आढळत नाही. परंतु कृत्याच्या पायऱ्यांचा विचार आढळतो. दंडपारुष्याचे विवेचन करताना नारदस्मृतीने शस्त्र किंवा हात उगारणे (अवगूरण), निःशंकपणे प्रहार करणे आणि जखम करणे असे तीन चढते प्रकार केले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही स्पर्श, उगारणे आणि प्रहार अशी वर्गवारी आहे. प्रहार झाला नाही तरी उगारणाऱ्याला दंड आहे, म्हणजे अपूर्ण कृत्यही दंडनीय होते. मात्र दंडाचे माप गुन्हेगाराच्या हेतूपेक्षा उभयतांच्या वर्णावर अधिक अवलंबून असे. इस्लामी न्यायपद्धतीत किसासचा हक्क प्रत्यक्ष मृत्यू किंवा जखम यांवर उभा असल्याने फसलेला हल्ला काझीच्या विवेकाधीन शिक्षेच्या, म्हणजे ताझीरच्या, कक्षेत येई. खुद्द इंग्लंडातही १८०३ च्या एलनबरो कायद्यापूर्वी खुनाचा प्रयत्न हा दुय्यम दर्जाचाच अपराध समजला जात होता. मुंबई इलाख्यात १८२७ चा चौदावा रेग्युलेशन आणि त्यानंतर १ जानेवारी १८६२ पासून दंड संहिता लागू झाली.

राजघराण्यातील प्रयत्नांना अर्थातच न्यायासन नव्हते. अहमदनगरच्या निझामशाहीतील १५८८ चे प्रकरण या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कारण त्याचा वृत्तांत लिहिणारा इतिहासकार घटनास्थळी हजर होता. मुर्तजा निझामशाह (कार. १५६५–८८) हा चांदबिबीचा भाऊ. कारकीर्दीच्या उत्तरार्धात तो राजकारणातून अंग काढून एकांतात राहू लागला. त्याच्या विक्षिप्तपणामुळे त्याला ‘दिवाना’ हे नाव पडले. राज्याचा गाडा सलाबतखान या कर्तबगार वजिराने बरीच वर्षे ओढला; परंतु अखेरीस सुलतानाची मर्जी फिरली आणि सलाबतखान कैदेत गेला. त्यानंतर दरबारातील गटांना आवर घालणारे कोणी उरले नाही. आपल्याला दूर करून मुलगा मीरान हुसेन याला गादीवर बसवतील, या भीतीने मुर्तजाला ग्रासले. त्याने मुलाला आपल्या निवासाजवळच्या खोलीत ठेवले आणि एके रात्री त्याच्या अंथरुणाला आग लावून दार बाहेरून बंद केले. आतून येणाऱ्या हाका ऐकून राजवाड्यातीलच एका व्यक्तीने दयेपोटी दार उघडले व राजपुत्र निसटला. त्याला गुप्तपणे दौलताबादला पोहोचवण्यात आले.

संहितेच्या भाषेत सांगायचे तर येथे तयारी संपून प्रयत्न पूर्ण झाला होता. मरण टळले ते दुसऱ्याच्या हातून. पण सुलतानाला जाब विचारणारी संस्था राज्यात नव्हती. वाचलेला पुत्र आणि हेतू उघडा पडलेला पिता हे दोघेही एकाच राज्यात जिवंत होते. मिर्झाखान या सरदाराने ही संधी साधली. तो राजपुत्राला दौलताबादहून घेऊन आला. जून १५८८ मध्ये मीरान हुसेन अहमदनगरच्या किल्ल्यात शिरला, तेव्हा सुलतानाजवळ मोजकेच लोक उरले होते. त्यांत पहाऱ्यावरचा एक तरुण होता. तोच पुढे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आलेला मुहम्मद कासिम फिरिश्ता. त्याचे वडील राजपुत्राला फार्सी शिकवण्यासाठी अहमदनगरला आले होते. बालपणीच्या या ओळखीमुळे मीरान हुसेनने त्याला मारू नये असे फर्मावले. त्यानंतर त्याने पित्याला हमामखान्यात कोंडले, दारे बंद केली आणि खाली प्रचंड जाळ करवला. उष्णतेने व कोंडमाऱ्याने मुर्तजा मरण पावला.

बंद खोली आणि आग, म्हणजे पित्याने योजलेलेच साधन पुत्राने उलटवले. ही जुळणी फिरिश्त्याने मुद्दाम रंगवली असावी अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण तो मुर्तजाच्या पदरी होता, त्याचे प्राण मीरान हुसेनने वाचवले होते आणि लिहिताना तो विजापूरच्या आश्रयाला होता. कोणा एकाची बाजू घेण्याचे सबळ कारण त्याला नव्हते. मीरान हुसेनची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही. १५८९ मध्ये मिर्झाखानाने त्याचा शिरच्छेद करवला. त्यावरून जमालखानाच्या नेतृत्वाखाली दख्खनी पक्ष उठला आणि शहरात परदेशी मुसलमानांची मोठी कत्तल झाली. फिरिश्ता त्याच वर्षी विजापूरला गेला. एका रात्री फसलेल्या प्रयत्नातून दोन सुलतानांचे प्राण गेले, शेकडो निरपराध माणसे मेली आणि राज्य कायमचे दुभंगले. १६०० मध्ये मोगलांच्या वेढ्यात फितुरीच्या संशयावरून चांदबिबीची हत्या झाली, तिची पाळेमुळे या दुभंगात शोधावी लागतात. लोकस्मृतीत मात्र चांदबिबी तेवढी राहिली. नगरच्या पूर्वेस डोंगरावर असलेली सलाबतखानाची तीन मजली कबरदेखील ‘चांदबिबीचा महाल’ म्हणूनच ओळखली जाते.

मराठेशाहीत १६५९ च्या प्रतापगड भेटीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. मराठी साधनांनुसार अफझलखानाने आलिंगनाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांवर वार केला. अंगातील चिलखतामुळे तो फुकट गेला आणि त्यानंतर महाराजांचा प्रतिवार झाला. आधुनिक कायदा अशा प्रसंगाचा विचार खासगी संरक्षणाच्या हक्काखाली करतो आणि त्या हक्काचा पायाच समोरच्याचा खुनाचा प्रयत्न हा असतो. पेशवाईत १७६९ मध्ये थोरल्या माधवरावांवर पर्वतीवर रामसिंग नावाच्या गारद्याने तलवारीचा वार केला. तो खांद्यावर निभावला. चार वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनीच नारायणरावाचा खून केला. पर्वतीवरील घाव वाचलेला माणूस कर्ता होता म्हणून विसरला गेला, आणि वाड्यातील पहारा मात्र ढिलाच राहिला.

दुसरे प्रकरण स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची एक मोठी छावणी अहमदनगर जिल्ह्यात विसापूर येथे होती. तेथे आलेल्यांपैकी मदनलाल पाहवा या पंजाबी तरुणाचा परिचय शहरात ‘डेक्कन गेस्ट हाऊस’ चालवणाऱ्या विष्णू रामकृष्ण करकरे या हिंदुमहासभेच्या कार्यकर्त्याशी झाला. १९४७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नगरमध्ये बाँबस्फोट झाले. त्यांतील एक मोहरमच्या मिरवणुकीवर होता. नव्या वर्षाच्या प्रारंभी शहरात शस्त्रसाठा सापडला. ५ जानेवारी १९४८ रोजी समाजवादी नेते रावसाहेब पटवर्धन यांची सभा मदनलालने उधळली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात करकरे व मदनलाल यांना स्थानबद्ध करण्याचे हुकूम निघाले, तोपर्यंत दोघांनी नगर सोडले होते.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनातील सायंप्रार्थनेच्या वेळी, गांधीजी बसले होते तेथून सु. २३ मी. (७५ फूट) अंतरावर, मदनलालने भिंतीपाशी गनकॉटनचा स्फोट केला. माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगे याच्या जबानीनुसार स्फोट हा केवळ गोंधळ उडवण्यासाठी होता. प्रार्थनास्थळामागील खोलीच्या जाळीतून त्याने स्वतः गोळी झाडावी व हातबाँब टाकावा, अशी योजना होती. त्याने ऐनवेळी कच खाल्ली. नथुराम गोडसे, नारायण आपटे, गोपाळ गोडसे, करकरे व इतर निसटले. मदनलाल मात्र एका स्त्रीने दाखवून दिल्यामुळे जागीच पकडला गेला. गांधीजी विचलित झाले नाहीत. या तरुणाचा कोणी द्वेष करू नये, असे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत सांगितले; आणि प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी, ही पोलिसांची सूचना त्यांनी मान्य केली नाही.

पिस्तूल बाहेरही न आलेले हे कृत्य निव्वळ कलम ३०७ च्या कसोटीवर टिकले असते काय, हा प्रश्न मनोरंजक आहे. बडगेच्या बाबतीत ते तयारीच्या सीमेवर थांबले, असे म्हणता येईल. मदनलालने मात्र आपल्या वाट्याचे काम पुरे केले होते. लाल किल्ल्यातील खटल्यात या काथ्याकुटाची गरज पडली नाही, कारण अभियोगाचा मुख्य आधार खुनाचा कट हा होता. कटाच्या कायद्यात प्रयत्नही घडावा लागत नाही. संगनमत पुरेसे असते.

खरा प्रश्न २० ते ३० जानेवारी या दहा दिवसांचा आहे. मदनलालच्या चौकशीत करकरे यांचे नाव अपभ्रष्ट रूपात आले होते आणि एका मराठी दैनिकाच्या संपादकाचा उल्लेखही आला होता. मुंबईच्या रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी मदनलालने या कटाविषयी आधीच बढाई मारली होती. त्यांनी तेव्हा ती गंभीरपणे घेतली नाही, पण स्फोटाची बातमी येताच ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. देसाई यांनी करकरे यांना पकडण्याची सूचना दिली. नगरच्या पोलिसांपाशी दोघांची माहिती होती. हे धागे नगर, पुणे, मुंबई व दिल्ली अशा चार ठिकाणी विखुरलेले राहिले आणि वेळेत एकत्र आले नाहीत. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात या दहा दिवसांतील पोलिसांच्या ढिलाईवर कठोर ताशेरे ओढले. नथुराम व आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फाशी झाली. जन्मठेप भोगून करकरे, मदनलाल व गोपाळ गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त झालेल्या समारंभातील वक्तव्यांवरून वादळ उठले. त्यातून १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने १९६९ मध्ये दिलेल्या विस्तृत अहवालात अहमदनगरमधील घडामोडींची स्वतंत्रपणे छाननी केली. मुंबई पोलिसांनी गांधीजींच्या अपहरणाच्या कटाचा तर्क धरून तपास केला, त्यावरही आयोगाने टीका केली. १९३४ च्या जूनमध्ये पुण्यात गांधीजींची समजून एका मोटारीवर बाँब पडला होता. तेव्हापासूनच्या फसलेल्या हल्ल्यांची दखल पोलीस यंत्रणेने एकत्रितपणे कधी घेतली नव्हती, हे अहवाल वाचताना जाणवते.

लोकरंजनाच्या क्षेत्रात फसलेल्या हल्ल्याला दोनच प्रकारे स्थान मिळालेले दिसते. वाचलेला माणूस वीर असेल, तर तो प्रसंग पोवाड्याचा विषय होतो. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना समजला जाणारा अज्ञानदासाचा पोवाडा अफझलखानाच्या वधाचाच आहे, आणि त्यानंतरच्या शाहिरांनी खानाचा पहिला वार व त्याआड आलेले चिलखत हा क्षण कधी सोडलेला नाही. दुसरा प्रकार रहस्यकथेचा. त्यात पहिला हल्ला फसतो तो कथा पुढे सरकावी म्हणून. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना ही युक्ती चांगलीच परिचित होती. गांधीहत्येवरील ‘नाईन अवर्स टू राम’ (१९६३) हा इंग्रजी चित्रपट, ज्यावर भारतात बंदी होती, नावाप्रमाणे शेवटच्या नऊ तासांभोवती फिरतो. १९९८ मध्ये ज्याचे प्रयोग थांबवण्यात आले, ते ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ हे मराठी नाटकही हत्या व तिचे समर्थन यांभोवतीच रचलेले आहे. २० जानेवारीच्या प्रयत्नाची सविस्तर हकिकत मराठीत आली, ती गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’ (१९६७) या पुस्तकात. सरकारने ते जप्त केले आणि १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा हुकूम रद्द केला. आरोपीच्या बाजूने लिहिलेली ती कैफियत आहे, हे लक्षात ठेवूनच तिचा उपयोग करावा लागतो.

वृत्तपत्री मराठीत ‘खुनी हल्ला’ व ‘प्राणघातक हल्ला’ हे शब्द रूढ आहेत. पहिला शब्द ऐकून खून झाला की नाही, असा संभ्रम पडतो खरा. बोलीत या गुन्ह्याला ‘हाफ मर्डर’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने हा शब्द चुकीचा आहे, कारण गुन्हा अर्धा नसून पूर्ण असतो. पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या आवारात, चित्रपटांत आणि गावच्या चावडीवर तो पिढ्यान्‌पिढ्या ‘तीनशेसात’ या आकड्यानेच ओळखला जात आला आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यांचे खटले जुन्या संहितेखालीच चालत असल्याने नगरच्या न्यायालयांतही तो आकडा एवढ्यात कालबाह्य होणार नाही.